कसलातरी वास येतोय

मराठी मध्यमवर्गीय घरात नाक हा अवयव श्वास घेण्यासाठी नसून तपासासाठी असतो, असं माझं जुनं मत आहे. डोळे वर्तमानपत्राला दिलेले, तोंड चहाला दिलेलं, कान शेजारच्यांच्या भिंतीला लावलेले. नाक मात्र चोवीस तास ड्यूटीवर. घरातल्या कुणीतरी "कसलातरी वास येतोय गं!" एवढं म्हणायचा अवकाश, की जो तो आपापलं खातं तपासायला धावतो. गृहिणी दुधाकडे, मुलगा चार्जरला लावलेल्या मोबाइलकडे, आजी निरांजनाकडे. आपल्या खात्यात सगळं ठाकठीक आहे असं दिसलं की प्रत्येकजण हुश्श करून जागेवर परत येतो आणि म्हणतो, "बाहेरून येत असेल."

"बाहेरून येत असेल" हा आपल्याकडचा फार मोठा दिलासा आहे. बँकेतही असंच असतं. दिवसाअखेर चौदा रुपयांचा फरक निघाला, की प्रत्येक काउंटर आपलं खातं बरोबर असल्याचं शपथेवर सांगतो. फरक नेहमी बाहेरून आलेला असतो.

या सगळ्या तपासात घरातल्या एका वस्तूकडे मात्र कुणाचंही नाक वळत नाही. ती म्हणजे फ्यूजची पेटी. एक तर ती दाराच्या वर, चपलांच्या मांडणीच्या डोक्यावर, साडेसहा फुटांवर बसवलेली असते; आणि दुसरं म्हणजे ती दिसते वाईट, म्हणून तिच्यावर आपण कॅलेंडर टांगतो. 'कालनिर्णय' 1973 साली सुरू झालं. तेव्हापासून किती घरांतले फ्यूज त्याच्या आड लपले असतील, याचा हिशेब मांडायला हवा. चतुर्थी कधी, संकष्टीचा चंद्रोदय किती वाजता, गॅसचा सिलेंडर कधी लावला, दूध किती दिवस बंद होतं, ही सगळी माहिती वर. आणि खाली, वीतभर आत, घरात आग लावू शकणारी एकमेव वस्तू. पेटीच्या माथ्यावर पुन्हा जे साहित्य ठेवलेलं असतं ते तर विचारूच नका. मेणबत्त्या, काड्यापेटी, गणपतीच्या वर्गणीच्या पावत्या, रॉकेलच्या जमान्यातलं एक नरसाळं. वीज गेली की मेणबत्ती चटकन सापडावी म्हणून ती तिथे ठेवतात. वीज तिथूनच जायची असेल तर मेणबत्ती आपोआपच पेटेल, हा त्यातला दूरदर्शीपणा.

आमची इमारत पुण्याच्या जुन्या भागातली, तीन मजली, बारा बिऱ्हाडांची. बांधली 1970 नंतरच्या दशकात. त्या काळात आपल्याकडे तांब्याची टंचाई होती, म्हणून घरोघरच्या वायरिंगमध्ये अॅल्युमिनियमची तार घातली जायची. लाकडी पट्ट्यांवर पत्र्याच्या चिमट्यांनी बसवलेल्या त्या वायरींवर आजवर रंगाचे इतके हात बसले आहेत की वायर कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते ते वायरमनलाही बोटाने चाचपून बघावं लागतं. फ्यूज चिनीमातीचे, पांढरेशुभ्र. वायरमन मंडळी त्याला 'किटकॅट' म्हणतात. आमचे चिरंजीव लहानपणी हा शब्द ऐकून पेटीखाली हात पसरून उभे राहिले होते.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. पण फ्यूज या वस्तूबद्दल मला पहिल्यापासून आदर आहे, कारण आमच्या बँकेत ज्याला प्रामाणिक कॅशियर म्हणतात, तसा तो विजेच्या पेढीवरचा कॅशियर आहे. एडिसनने वीज विकायचा धंदा काढला तेव्हाच हा कॅशियर नेमला आणि 1890 साली त्याचं पेटंटही घेतलं. याचं काम एकच. ठरलेल्या मर्यादेबाहेर उचल होऊ लागली, की स्वतः वितळून जायचं आणि पेढी बंद करायची. पाच अँपियरची तार म्हणजे मुलामा दिलेल्या तांब्याची जेमतेम 0.2 मिलिमीटर जाडीची, आजीच्या पांढऱ्या केसाएवढी. पंधरा अँपियरची अर्धा मिलिमीटर. एवढ्याशा जिवावर सगळ्या घराची जबाबदारी. तरी हा कॅशियर जरा मऊ मनाचाच. पाच म्हटलं तरी सहा-सातपर्यंत तो काही बोलत नाही. साधारण दुपटीच्या आसपास गेल्याशिवाय चटकन उडत नाही. ओव्हरड्राफ्ट कुठल्या पेढीवर नसतो?

हिशेबही सोपा आहे. आपल्या घरातली वीज 230 व्होल्टची. वस्तूवर जेवढे वॅट लिहिलेले असतील त्याला 230 ने भागा, अँपियर आले. हजार वॅटची इस्त्री म्हणजे सव्वाचारच्या थोडं वर. साडेसातशेचा मिक्सर म्हणजे सव्वातीन. आणि ते जे न्हाणीघरात टांगलेलं, नळ सोडताच गरम पाणी देणारं तीन लिटरचं गिझर असतं ना, ते बहुधा तीन हजार वॅटचं. म्हणजे एकट्याचे तेरा अँपियर. चाळीस वॅटच्या जुन्या ट्यूबलाइटी पाऊणशे लावल्या तरच तेवढी उचल होईल. पण गिझर दिसायला उशीएवढं, म्हणून लोक त्याला उशीएवढाच मान देतात.

असं एक गिझर आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी घेतलं.

सेक्रेटरी माझ्या समोरच्याच बिऱ्हाडात राहतात. सरकारी हिशेबखात्यातून निवृत्त झालेले. हिशेबखातं सुटलं तरी हिशेब मागण्याची सवय सुटली नाही, म्हणून सोसायटीने त्यांना सेक्रेटरी केलं. आणि मी बँकेत आहे या एकाच गुन्ह्याबद्दल मला खजिनदार. सोसायटीत बँकवाल्याला खजिनदार आणि डॉक्टरला मोफत, हा नियम सर्वत्र आहे.

तर श्रावण लागला, आणि आमच्या जिन्यात मासळीचा वास येऊ लागला.

आता वाचकहो, इमारत कुठली, पेठ कुठली, महिना कुठला याचा विचार करा. आमच्याकडे श्रावणात कांदा-लसूणसुद्धा रजेवर जातो. एरवी ऑम्लेटच्या वासावर दोन दिवस चर्चा करणारी माणसं आम्ही. मासळी म्हटल्यावर इमारतीला विजेचा धक्का बसावा तसं झालं. संशयित शोधायला फार लांब जायची गरज नव्हती. पहिल्या मजल्यावर मालवणकडचं एक कुटुंब तीन वर्षांपासून भाड्याने राहतं. मास्तर शाळेत गणित शिकवतात आणि काकू घरी शिवणकाम करतात. दोघांनी कुणाच्या अध्यात ना मध्यात. घरमालकाचा भाडेकरार दर अकरा महिन्यांनी नवा होतो, आणि तो येत्या महिन्यात व्हायचा होता. ही तारीख सेक्रेटरींना पाठ होती.

सोसायटीच्या तक्रारवहीत नोंदी सुरू झाल्या. अक्षर सेक्रेटरींचं, ठसठशीत. 'सकाळी 6.50. जिन्यात मत्स्यसदृश दुर्गंध.' 'सकाळी 7.05. तोच.' 'सकाळी 6.55. दुर्गंध तीव्र. सौभाग्यवतींना मळमळ.' 'मत्स्यसदृश' हा शब्द हिशेबखात्याशिवाय दुसरीकडे कुठे तयार होणं शक्य नाही. मी वही वाचून एवढंच म्हणालो, की सकाळी सातला मासळी तळणारा माणूस मालवणातही विरळाच. तिथेही आधी चहा घेतात. त्यावर सेक्रेटरी डोळे बारीक करून म्हणाले, "रात्रीच आणून ठेवत असतील. मुरवत असतील." आमच्या हिलाही ते पटलं नाही. "अहो, मास्तरांच्या बायकोने सोळा सोमवार धरलेत. मला माहीतय ना!" पण सोळा सोमवारांचं प्रमाणपत्र तक्रारवहीला लावता येत नाही.

शनिवारी संध्याकाळी मास्तरांच्या दाराच्या फटीतून सोसायटीचं पत्र आत गेलं. विषय: इमारतीच्या पावित्र्याबाबत. प्रत माहितीसाठी: घरमालक.

रविवारी सकाळी सात वाजता मी दूध घ्यायला दार उघडलं, तर काकू जिना चढून वर येत होत्या. हातात ते पत्र. चेहऱ्यावरून पदर फिरवलेला, डोळे लाल. रात्रभर झोपलेल्या दिसत नव्हत्या. घराचा करार जाण्याच्या भीतीने माणूस झोपत नाही, हे मला कर्जखात्यावर बसून चांगलं माहीत आहे. त्यांनी समोरची घंटा वाजवली. सेक्रेटरींच्या सौभाग्यवतींनी दार उघडलं. आतून न्हाणीघरातला पाण्याचा आवाज आणि सेक्रेटरींचं अथर्वशीर्ष एकदमच ऐकू आलं. आणि त्यामागोमाग तो वास.

काकू बोलायला आल्या होत्या बरंच काही. पण त्या नुसत्या थांबल्या. नाक वर केलं, एकदा हुंगलं, दोनदा हुंगलं. मग म्हणाल्या, "ह्यो माशाचो वास नाय."

"नाही कसा?" आतल्या आत दोन पावलं मागे सरकत सौभाग्यवती म्हणाल्या. "रोज येतो!"

"मासे आम्ही खातो का तुम्ही?" काकू म्हणाल्या. "ताज्या मासळीला असा वास येत नाही. हा नासक्याचा वास. माझ्या घरात असली नासकी मासळी येईल असं वाटलंच कसं तुम्हाला?"

म्हणजे बघा, श्रावण मोडल्याचा आरोप त्यांनी एक वेळ सोसला असता; शिळी मासळी आणल्याचा मात्र नाही. आणि त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं, हे मला नंतर वाचून कळलं. मासा नासू लागला की त्यातून ट्रायमिथाइल अमाइन नावाचा वायू सुटतो, तो मासळीचा वास. स्विच, सॉकेट, कनेक्टर यांसाठी जे पांढरं, घट्ट, ठिसूळ प्लॅस्टिक वापरतात त्यात युरिया फॉर्मल्डिहाइड नावाची जात असते. ते फार तापलं की त्यातूनही अमाइन घराण्यातलेच वायू निघतात. थोडक्यात, नासका बांगडा आणि तापलेला कनेक्टर हे एकमेकांचे चुलत भाऊ. 1907 साली बेकलंडने शोधलेलं काळं बेकेलाइट तापलं तर वास औषधी, कार्बोलिक साबणासारखा येतो. रबर जळलं तर सायकलच्या दुकानासारखा. घरात कुणी मासळी आणलेली नसताना मासळीचा वास येत असेल, तर पोळीवाल्या बाईंना विचारण्याआधी विजेची बटणं, प्लग आणि फ्यूजची पेटी हुंगून बघावी.

काकूंनी हे सगळं रसायनशास्त्र न वाचताच केलं. वासाच्या मागे मागे त्या उंबऱ्याच्या आत गेल्या आणि कॅलेंडरसमोर उभ्या राहिल्या. श्रावणाच्या पानाचा वरचा कोपरा पापडासारखा तपकिरी झाला होता. तव्यावर भाकरी टाकण्याआधी बायका हात धरून बघतात ना, तसा त्यांनी वीतभर अंतरावरून हात धरला, आणि झटकन मागे घेतला.

"तुमचे हे आंघोळ किती वाजता करतात?"

"पावणेसात ते सव्वासात. का?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. माझ्या डोळ्यांसमोर तक्रारवहीतले आकडे सरकू लागले: 6.50, 7.05, 6.55. हिशेबखात्यातल्या माणसाने स्वतःच्या आंघोळीची इतकी चोख नोंद ठेवलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

एवढ्यात कॅलेंडरमागून धुराची एक बारीक रेघ निघाली. उदबत्तीची निघते तशी, अगदी सात्त्विक.

पुढच्या दोन मिनिटांत काय काय होऊ शकलं असतं ते आठवलं की अजून माझ्या पोटात गोळा येतो. गडबड ऐकून सेक्रेटरी न्हाणीघरातून बाहेर आले. अंगावर ओला पंचा, केसांतून पाणी ठिबकतंय, पायाखाली थारोळं. "फ्यूज ओढतो!" म्हणून त्यांनी ओला हात वर केला. दुसऱ्या बाजूने सौभाग्यवती स्वयंपाकघरातून पाण्याने भरलेली कळशी घेऊन निघाल्या. पती विजेवर ओल्या हाताने आणि पत्नी पाण्याने, असा दुतर्फा हल्ला. विजेच्या आगीवर पाणी टाकलं की पाण्याच्या धारेवाटे वीज टाकणाऱ्यापर्यंत येऊ शकते. ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या ओल्या माणसाला तर ती वाटेत कुणाला पत्ता विचारायचीही तसदी घेत नाही.

"हात लावू नका!" काकू इतक्या मोठ्याने ओरडल्या की अथर्वशीर्ष उरलेलं तिथेच संपलं. "कळशी खाली ठेवा. गिझर कुठल्या बटणावर? आधी तो बंद करा. तुम्ही नाही हो, तुम्ही ओले! वहिनी, तुम्ही. हात पदराला पुसून." गिझरचं बटण न्हाणीघराच्या बाहेर, कोरड्या भिंतीवर होतं. वहिनींनी ते बंद केलं. धुराची रेघ जरा बारीक झाली, पण थांबली नाही.

घराचा मेन स्विच त्याच पेटीत होता. साधा वास असता, पेटी गार असती, ठिणगी-धूर काही नसता, तर कोरड्या हाताने, पायांत चपला घालून मेन बंद करायला हरकत नसते, किंबहुना तेच पहिलं काम. पण पेटीच तापलेली आणि धुरावलेली असेल तर तिचं दार उघडण्यात शहाणपणा नाही. तिजोरीत चोर असताना कॅशियरने किल्ली लावून आत डोकावू नये. वीज मागूनच तोडायची, खालच्या मीटरपाशी. मी पायांत रबरी चपला सरकवल्या आणि जिना उतरलो.

जिन्याखालची मीटरची खोली ही आमच्या सोसायटीची सार्वजनिक अडगळ. मीटर आणि माझ्यामध्ये चार सायकली, गणेशोत्सवाच्या मखराचे थर्मोकोलचे दोन खांब, रद्दीचे गठ्ठे आणि एक भाता फाटलेली पेटी, म्हणजे वाजवायची. पेटायला उत्सुक असलेली प्रत्येक वस्तू आम्ही पिढ्यान्पिढ्या तिथे जमवलेली. पेपरवाला पोरगा दारातच होता, त्याला हाक मारली आणि दोघांनी मिळून वाट मोकळी केली. भिंतीवर बारा मेन स्विच, बारा लोखंडी दांडे. प्रत्येकावर ऑइलपेंटने नाव. पण नावं सगळी मूळ मालकांची! त्यातले निम्मे बिऱ्हाड विकून गेलेले, दोघे तर देवाघरी. सेक्रेटरींनी त्यांचं घर कुणाकडून घेतलं ते आठवत बसायची ही वेळ नव्हती. शंका आली तर आधी सगळी खाती गोठवावीत आणि खातेदाराची क्षमा नंतर मागावी, या धोरणाने मी बाराही दांडे खाली ओढले. वर तीन मजल्यांवरून बारा प्रकारच्या आरोळ्या आल्या. कुणाचा मिक्सर थांबला, कुणाची बातमी, कुणाचं वायफाय. वायफायची आरोळी सर्वांत हृदयद्रावक होती.

काकूंनी तोवर वरच्या दोन्ही मजल्यांची दारं वाजवून म्हाताऱ्याकोताऱ्यांना जिन्यातून खाली आणलं होतं, आणि मास्तर मोबाइलवर 101 लावून अंगठा उगारून तयार उभे होते. ज्वाळा दिसली असती तर पेटीशी झटापट न करता सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि तो अंगठा टेकवायचा, असं ठरलं होतं. नशीब, टेकवावा लागला नाही. वीज तुटल्यावर रेघ विरत गेली आणि उरला तो नुसता वास.

वायरमन तासाभराने आला. परवाना असलेला, कानावर पेन्सिल असलेला, मोजकं बोलणारा. आधी त्याने दिवा लावून तपासलं की पेटीत वीज खरोखरच नाही. माझ्या बारा दांड्यांवर त्याने विश्वास ठेवला नाही, आणि ते मला आवडलं. नोटा मी मोजलेल्या असल्या तरी हेडकॅशियर पुन्हा मोजतोच. मग कॅलेंडर उतरवलं, पेटी उघडली. आत चिनीमातीचा फ्यूज खालून काळाकुट्ट. शेजारच्या पांढऱ्या कनेक्टरचा रंग भाजलेल्या वांग्याचा. त्यातला एक स्क्रू त्याने नुसत्या बोटाने तीन आटे फिरवून दाखवला.

"स्क्रू ढिला," तो म्हणाला.

"पण मग फ्यूज उडाला का नाही?" सेक्रेटरी आता कोरडे झाले होते आणि त्यांचा हिशेबखात्याचा आवाज परत आला होता.

"कशाला उडेल? करंट जास्त नव्हताच. गिझर तेराचा, फ्यूज पंधराचा."

हे उत्तर मला रात्री अंथरुणावर नीट कळलं, आणि कळलं तेव्हा झोप उडाली. फ्यूज उचल किती आहे एवढंच बघतो. वाटेत कुणी गळती लावली आहे का, हे त्याच्या टेबलावर येतच नाही. जोड ढिला झाला की तेवढ्या जागी विजेला अडथळा होतो, अडथळ्याने उष्णता होते, उष्णतेने धातूवर गंज चढतो, गंजाने अडथळा वाढतो, वाढलेल्या अडथळ्याने आणखी उष्णता. याला आमच्याकडे चक्रवाढ व्याज म्हणतात. त्यातून तार अॅल्युमिनियमची. ती तापली की तांब्यापेक्षा जास्त फुगते आणि स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू दबत जाते. रोज सकाळी अर्धा तास फुगायचं, मग आकसायचं. दर आंघोळीगणिक स्क्रू थोडा थोडा सैल. शिवाय करंट दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. इस्त्रीच्या सव्वाचार अँपियरवर जो ढिला स्क्रू वर्षानुवर्षं गप्प बसला असता, त्याच्यातून गिझरचे तेरा गेले की उष्णता नऊपट. मुद्दल तिप्पट, व्याज नऊपट. सावकारसुद्धा लाजेल.

वायरमनने मग फ्यूज उपसून उजेडात धरला. आत पंधराची तार एकेरी नव्हती. दोन तारा पिळून दुहेरी वेणी घातलेली.

"ही कुणी घातली?"

खोलीत शांतता पसरली. सेक्रेटरी पंख्याकडे बघू लागले. पंखा बंद होता. "गिझर आणि वॉशिंग मशीन एकदम लावलं की सारखा उडायचा," ते शेवटी म्हणाले. "म्हणून जरा बळकट..."

कॅशियर वारंवार तक्रार करतो म्हणून त्याच्या तोंडात बोळा कोंबला, त्यातलाच हा प्रकार. तार जाड केली की फ्यूज वितळत नाही. त्याच्याऐवजी भिंतीतली वायर वितळते. पण हे मी मोठ्याने बोललो नाही. समोर राहायचं असतं.

दुरुस्तीचं थोडक्यात सांगतो. लाकडी पाटी गेली, आयएसआय शिक्क्याची नवी पेटी आली, गिझरला तांब्याची स्वतंत्र लाइन, फ्यूजच्या जागी एमसीबी. ही छोटी खटक्याची कळ ह्यूगो श्टोट्झ नावाच्या गृहस्थांनी 1924 साली जर्मनीत पेटंट केली. आमच्या जिन्यापर्यंत यायला तिला शंभर वर्षं लागली, पण पुण्यात नवीन गोष्ट यायला तेवढा वेळ रीतसर आहे. सोबत तीस मिलिअँपियरचा आरसीसीबीही बसवला. वीज माणसाच्या अंगातून जमिनीत जायला बघते तेव्हा तो खाट्कन बंद होतो. ओला पंचा हा विषय वायरमनच्या कानावर गेला असावा. जाताना तो म्हणाला, "एमसीबीलापण ढिला स्क्रू कळत नाय हां. वर्षातून एकदा सगळे आवळून घ्या. आन् मीटरच्या सीलला कुणी हात लावू नका, ती जागा वीज कंपनीची. तिथं काही वाटलं तर 1912 ला फोन करा."

इमारतीतल्या बाकीच्या अकरा पेट्याही त्याने त्याच आठवड्यात उघडल्या. चार ठिकाणी स्क्रू बोटाने फिरले.

राहता राहिला तक्रारवहीचा प्रश्न. सेक्रेटरींचं म्हणणं पडलं की त्या नोंदी खोडून टाकाव्यात. मी ठाम नकार दिला. वहीची पानं छापील क्रमांकाची आहेत, आणि चुकीची नोंद खोडायची नसते, तिच्याविरुद्ध उलट नोंद करायची असते, हे बँकेत शिपायालाही माहीत असतं. तेव्हा सभेत सर्वांसमोर मी उलट नोंद केली: 'दि. अमुक ते तमुक या काळातील मत्स्यसदृश दुर्गंध पहिल्या मजल्याच्या नावे टाकला होता, तो तेथून काढून सेक्रेटरींच्या गिझरच्या नावे वर्ग केला.' सूचक मी, अनुमोदक आमची ही. नोंदीची प्रत माहितीसाठी: घरमालक. सेक्रेटरींनी सही केली. सही जरा बारीक आली, पण नमुन्याशी जुळली.

घरमालकाने करार नवा केला. पत्राबद्दल सेक्रेटरी तोंडाने काही बोलले नाहीत. त्या खात्यात माफी तोंडी देण्याची पद्धत नाही. नारळी पौर्णिमेला मात्र ते स्वतः पहिल्या मजल्यावर गेले आणि पाच नारळ ठेवून आले. काकूंनी चार परत पाठवले, एक ठेवून घेतला. चाराचं काय म्हणून आमच्या हिने विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "एक पुरे. तो गणपती झाल्यावर कालवणात जाईल. पाच घेतले तर त्यांना वाटायचं हिशेब मिटला."

जिन्याखालच्या सायकली हलल्या, मखर गच्चीवर गेलं, दांड्यांवर नवी नावं पडली. तिथे आता मास्तरांच्या सुबक अक्षरातली एक पाटी आहे. 'इमारतीत मासळीचा वास आल्यास प्रथम येथे यावे व मेन स्विच बंद करावा.'

मास्तरांकडचे गणपती पाच दिवसांचे. ते गेले, आणि पुढच्या रविवारी साडेबाराच्या सुमारास आमची पानं वाढली जात असताना जिन्यातून जोरदार वास आला. मी घास हातात धरून "अगं, हा..." म्हणेपर्यंत समोरचं दार धाडकन उघडलं आणि सेक्रेटरी, कोरडे, रबरी चपला घालून, जिना उतरून खाली पळाले. पाठोपाठ बाराही दांड्यांचे आवाज आले आणि बारा बिऱ्हाडांतले पंखे मंदावत थांबले. मग पहिल्या मजल्यावरून झारा हातात घेतलेल्या काकूंचा आवाज सगळ्या इमारतीत घुमला.

"बांगडे आसत हो, बांगडे! ताजे! लावा ते दिवे!"